व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया : फुप्फुसाला जंतूचा सुगावा लागतो कसा?

सोलापुरातल्या कुठल्याही आयसीयूबाहेर धाराशिव, अक्कलकोट, विजयपूरकडून आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, डोक्याला मार लागला म्हणून आणलं होतं, मग न्यूमोनिया कुठून झाला?" प्रश्न रास्त आहे. घाईत का होईना, त्याचं नीट उत्तर द्यायलाच हवं.

दाखल झाल्यावर 48 तासांनी किंवा त्यानंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाला रुग्णालयजन्य म्हणतात. श्वासनलिकेत नळी घालून हवा आत ढकलण्याची पद्धत रुळली ती 1952 साली, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. तिथे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने फुगा दाबत रुग्ण जगवले. नळीने जीव वाचतो, पण खोकला दबतो. घशातला स्राव नळीच्या कडेने खाली झिरपतो आणि त्यासोबत क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू फुप्फुसात उतरतात.

तिथे गाठ पडते जन्मजात प्रतिकारशक्तीशी, म्हणजे जंतूशी आधी ओळख नसतानाही लगेच धावून येणाऱ्या संरक्षणाशी. 1882 मध्ये मेसिनाला इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, तर भटक्या पेशी त्याभोवती गोळा झाल्या. पण पेशीला परकं कळतं कसं, हे कोडं शतकभर राहिलं. जंतूंच्या बांधणीतले, आपल्या शरीरात नसलेले घटक ओळखणारे ग्राही, म्हणजे पेशींवरचे खूण पकडणारे रेणू, असले पाहिजेत, असं चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्ये मांडलं. 1996 मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की टोल जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीने मरते.

उंदरांची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी. सी3एच/एचईजे जातीच्या उंदरांना एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या (वरचे तिन्ही याच गटातले) आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड, कितीही टोचलं तरी फारसं बाधत नसे. भाग्यवान वाटावेत असे हे उंदीर जिवंत साल्मोनेला जंतूंपुढे मात्र पटकन मरत. 1998 मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने कारण शोधलं : टीएलआर4 (माशीतल्या टोलसारखा ग्राही, क्रमांक 4) या ग्राहीत एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. विषाची जाणीवच नाही, म्हणून जंतूची खबरही नाही. ताप आणि सूज ही निव्वळ पीडा नव्हे, हे याहून स्वच्छ मला कुठे दिसलेलं नाही. अर्थात हीच सूज आवरली नाही तर वायुकोशांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन घसरतो.

2001 मध्ये त्याच कुळातला टीएलआर5 कशाभिकेतलं, म्हणजे जंतूच्या पोहायच्या शेपटीतलं, फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो हे कळलं. पोहणारा स्यूडोमोनास त्याने सापडतो. क्लेब्सिएलाला कशाभिकाच नसते, शिवाय अंगावर जाड शर्करेचं कवच. ॲसिनेटोबॅक्टर तर आणखी पुढचा. शेवटचं औषध म्हणून दिलं जाणारं कोलिस्टिन लायपोपॉलिसॅकराइडलाच धरतं, तेव्हा ॲसिनेटोबॅक्टरचे काही वाण लायपोपॉलिसॅकराइडच बनवायचं सोडतात. मग औषधाला पकडायला जागा उरत नाही, आणि टीएलआर4 ला ओळखायची खूणही.