एक्सेल मॅक्रोतून ठरल्या वेळी मेल पाठवणे

एक्सेल फाइलमधली माहिती मॅक्रोने, म्हणजे त्या फाइलमध्येच ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामने, वाचायची, तिच्यावरून ईमेल तयार करायचा आणि ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरने दिलेल्या वेळी कोणी बटण न दाबता तो रवाना करायचा, अशी ही कार्यालयीन पद्धत आहे. रोजच्या बोलण्यात तिला ‘ऑटो मेल’ म्हणतात. वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. ऑफिसात आधीच असलेले एक्सेल, आउटलुक हा मेलचा प्रोग्राम आणि विंडोज एवढ्यावर काम भागते, म्हणून लहान जागी ती चटकन रुजते.

पुण्यात संगणकाचे काम म्हटले की हिंजवडी आठवते. या पद्धतीची खरी गरज मात्र भोसरी, पिंपरी, चाकण इथल्या लहान कारखान्यांच्या अकाउंट्स टेबलावर, सोसायटीच्या ऑफिसात आणि क्लासच्या फीच्या यादीवर दिसते. भोसरीतला एखादा सुट्या भागांचा कारखाना घ्या. रोज संध्याकाळी ७ वाजता दिवसभराच्या डिस्पॅचचा रिपोर्ट मालकाला आणि मोठ्या ग्राहकाच्या परचेस विभागाला जायला हवा. सोमवारी सकाळी थकलेल्या बिलांची आठवण प्रत्येक पार्टीला जायला हवी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियम २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत चुकते करावे लागतात. ती मुदत उलटली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ४३बी मधली ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्यामुळे ४०व्या दिवशी वेळेवर गेलेला एक साधा मेल लहान कारखानदाराच्या फार उपयोगाचा असतो. हे काम रोज आठवणीने करणारी व्यक्ती रजेवर गेली की नेमके ते राहून जाते, आणि मॅक्रोची गरज तिथूनच सुरू होते.

साखळी

मॅक्रो ‘व्हीबीए’ या भाषेत लिहितात. ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ साली आली. ऑफिस २००७ पासून मॅक्रो असलेली फाइल ‘एक्सएलएसएम’ या वेगळ्या प्रकारात जतन होते. मॅक्रो शीटच्या ओळी एकेक करून वाचतो, अट जुळली की आउटलुकला हाक मारून नवा मेल मागतो, त्यात पत्ता, विषय, मजकूर आणि जोडपत्र भरतो आणि शेवटी ‘सेंड’ म्हणतो. एवढा भाग पंधरा-वीस ओळींचा असतो आणि कोणीही आठवड्याभरात शिकू शकतो.

टास्क शेड्यूलर थेट मॅक्रो चालवत नाही, तो प्रोग्राम चालवतो. म्हणून मध्ये एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काही आज्ञांची वेगळी फाइल, ठेवतात: ती एक्सेल उघडते, फाइल उघडते, मॅक्रो चालवते, फाइल बंद करते आणि एक्सेलमधून बाहेर पडते. काही जण स्क्रिप्ट टाळून फाइल उघडताच चालणाऱ्या मॅक्रोवर भिस्त ठेवतात. तसे केले की दुरुस्तीसाठी फाइल उघडली तरी मेल सुटतात. ती सवय लागू न देणे बरे.

शेड्यूलरच्या या साखळीला एक पर्याय एक्सेलमध्येच आहे. ‘ऑनटाइम’ ही आज्ञा ठरल्या वेळी मॅक्रो चालवते, पण त्यासाठी एक्सेल सतत उघडे लागते. संध्याकाळी कोणी खिडकी बंद केली की संपले.

समोर कोणी बसलेले नाही

या पद्धतीच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ एकच आहे. एक्सेल आणि आउटलुक हे समोर माणूस बसला आहे असे धरून घडवलेले प्रोग्राम आहेत. ते प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. फाइल दुसऱ्याने उघडली आहे, रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) उघडू का? लिंक अपडेट करू का? पासवर्ड काय? मॅक्रो लिहिणाऱ्याने तपासणीसाठी ठेवलेली ‘काम झाले’ ही चौकटसुद्धा ओकेची वाट पाहत बसते. अदृश्य एक्सेलमध्ये ती कोणाला दिसतच नाही.

शेड्यूलरची मूळ सेटिंग इथे भर घालते. आधीची टास्क (शेड्यूलरमध्ये नोंदवलेले काम) चालू असेल तर नवी सुरू करायची नाही आणि टास्क तीन दिवसांपेक्षा जास्त चालली तर थांबवायची, असे त्यात आधीच ठरलेले असते. सोमवारी संध्याकाळी ७ वाजता एक चौकट अडकली आणि संगणक चालूच राहिला, तर मंगळवारचा मेल जात नाही, बुधवारचाही जात नाही. गुरुवारी भोसरी-पिंपरी औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी ग्राहकाचा फोन येतो, “तीन दिवस रिपोर्ट नाही, माल पाठवताय ना?” मधल्या काळात कुठेही लाल दिवा लागलेला नसतो. म्हणून टास्कची कमाल वेळ तीन दिवसांवरून अर्ध्या तासावर आणावी. मॅक्रोत एकही संदेशाची चौकट ठेवू नये. फाइल उघडताना लिंक अपडेट बंद करावे आणि एक्सेलचे इशारेही बंद करावेत.

टास्क थांबवली तरी स्क्रिप्टने उघडलेले एक्सेल मागे जिवंत राहू शकते. टास्क मॅनेजर उघडल्यावर खिडकी नसलेली तीन-चार एक्सेल दिसतात ती हीच. त्यांनी फाइल धरून ठेवलेली असते, आणि सकाळी अकाउंट्समधल्या ताई फाइल उघडतात तेव्हा ती रीड-ओन्ली उघडते.

आउटलुकचीही एक सवय आहे. ‘सेंड’ म्हणजे मेल आउटबॉक्समध्ये ठेवणे. सर्व्हरपर्यंत पोचवण्याचे काम त्यानंतर होते. आउटलुक बंद असताना मॅक्रोने ते उघडले आणि काम होताच बंद केले, तर मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी कोणी आउटलुक उघडल्यावर सुटतो. आउटलुक दिवसभर उघडे ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. तेही साध्या अधिकारांनीच उघडे असावे. टास्कला ‘सर्वोच्च अधिकार’ दिले आणि आउटलुक साध्या अधिकारांवर चालू असले, तर दोघांची गाठ पडत नाही आणि मॅक्रो एरर ४२९ दाखवून थांबतो.

‘वापरकर्ता लॉग-इन असो वा नसो, चालवा’ हा पर्याय मोहक वाटतो, पण त्यात टास्क पडद्यामागच्या वेगळ्या सत्रात चालते. विंडोज व्हिस्टापासून हे सत्र वापरकर्त्याच्या पडद्यापासून पूर्ण तोडलेले आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितले आहे की माणसाविना अशा रीतीने ऑफिस चालवण्याची शिफारस नाही आणि त्याला आधारही मिळणार नाही. शिवाय ‘झेड ड्राइव्ह’सारखी जोडलेली अक्षरे त्या सत्रात नसतात, त्यामुळे सर्व्हरवरच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. संगणकाचा पासवर्ड बदलला की टास्कमध्ये जतन केलेला जुना पासवर्ड निकामी होतो. लहान कार्यालयात लॉग-इन करून कुलूप लावलेला पडदा, म्हणजे स्क्रीन लॉक, आणि ‘लॉग-इन असेल तरच चालवा’ हा पर्याय जास्त भरवशाचा.

विजेचा मुद्दा पुण्याच्या सवयीशी जोडलेला आहे. महावितरणचे देखभालीचे कामही इथे बहुधा गुरुवारी निघते, आणि वळवाच्या पावसात तर कधीही. टास्क फक्त थेट विजेवर चालावी या अटीची खूण शेड्यूलरमध्ये सुरुवातीपासून लावलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर गेला की टास्क सुरूच होत नाही, आणि यूएसबीने जोडलेल्या यूपीएसवरचा डेस्कटॉपही विंडोजला बॅटरीवरचाच वाटतो. हुकलेली टास्क संधी मिळताच चालवण्याची खूण मात्र मुळात बंद असते. पहिली काढावी, दुसरी लावावी. हुकलेला मेल शुक्रवारी सकाळी निघणार असेल, तर मजकुरात रिपोर्टची तारीख शीटमधून घ्यावी. संगणकाची आजची तारीख घेतली तर ती चुकीची पडते.

मराठी मजकूर

पुण्याच्या सोसायटीला सभासदांना मराठीत मेल पाठवायचा असतो, आणि इथे पहिल्याच दिवशी ठेच लागते. व्हीबीएच्या संपादकात ‘नमस्कार’ टंकला की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. संपादकाला युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत, लिहिता-दाखवता येत नाही. भाषेच्या पोटात मात्र अक्षरे युनिकोडच असतात. एकेका अक्षराचा क्रमांक देऊन शब्द जुळवता येतो: ‘न’ २३४४, ‘म’ २३५०, आणि ‘नमस्कार’ला असे सात क्रमांक लागतात, कारण काना आणि पायमोडही वेगळे मोजले जातात. २०१० साली स्वीकारलेल्या रुपयाच्या चिन्हाचीही हीच गत, त्याचा क्रमांक ८३७७. पण पूर्ण पत्र असे लिहिणे वेडेपणाचे होईल. सगळा मराठी मजकूर ‘मजकूर’ नावाच्या वेगळ्या शीटवर सेलमध्ये लिहावा आणि मॅक्रोने तिथून उचलावा. याचा आणखी एक फायदा आहे: सेक्रेटरींना वाक्य बदलायचे असेल तर मॅक्रोला हात लावावा लागत नाही.

जुन्या याद्यांची गोष्ट वेगळी. सी-डॅक (१९८८) आणि मॉड्युलर इन्फोटेक या दोन्ही पुण्याच्या संस्था. पहिलीचे आयएसएम आणि दुसरीचे श्री-लिपि या सॉफ्टवेअरनी मराठी टंकनाला मोठा हात दिला आणि त्या ऋणातून आपण अजून बाहेर पडलेलो नाही. त्या काळातल्या अनेक शीटमध्ये नावे दिसतात मराठी, पण सेलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. मेलमध्ये तो फॉन्ट नसला की ‘कुलकर्णी’च्या जागी निरर्थक चिन्हांचा घोळका पोचतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावीच लागते.

आकड्यांतही असाच खड्डा आहे. सेलमधला आकडा ‘१२,३४,५६७’ असा लाखाच्या स्वल्पविरामांसह दिसतो तसाच हवा असेल, तर सेलची किंमत न घेता त्याचा दिसणारा मजकूर घेतात. पण स्तंभ अरुंद असला की सेलमध्ये ‘####’ दिसते, आणि मग मेलमध्येही रकमेच्या जागी तेच जाते. पाठवण्याआधी स्तंभांची रुंदी आपोआप जुळवून घेण्याची एक ओळ मॅक्रोत असावी.

बंधने कुठून आली

मॅक्रो आणि मेल यांची जोडी कुप्रसिद्धही आहे. मार्च १९९९ मधला ‘मेलिसा’ हा वर्डचा मॅक्रो-व्हायरस आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत असे. मे २००० मधला ‘आयलव्हयू’ पूर्ण यादीला जाई. त्यानंतर आउटलुकने बाहेरचा प्रोग्राम मेल पाठवू लागला की परवानगी विचारायला सुरुवात केली. आउटलुक २००७ पासून अँटिव्हायरस अद्ययावत असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. परवानगीची खिडकी अचानक येऊ लागली, तर प्रथम अँटिव्हायरसची मुदत पाहावी. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवले जातात, म्हणून सहकाऱ्याने मेलने पाठवलेली फाइल ‘अनब्लॉक’ केल्याशिवाय चालत नाही. ही बंधने त्रासदायक वाटली तरी ती रास्त आहेत, आणि ती सरसकट उठवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

आउटलुक नसेल तर ‘सीडीओ’ या विंडोजमधल्या सोयीने थेट मेल सर्व्हरशी बोलता येते. जीमेलने ३० मे २०२२ पासून बाहेरच्या प्रोग्रामला साधा पासवर्ड स्वीकारणे थांबवायला सुरुवात केली. आता दोन टप्प्यांची पडताळणी लावून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मेल सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, ५८७ असला तर तो सीडीओला पेलत नाही, ४६५ द्यावा लागतो. मराठीसाठी ‘यूटीएफ-८’ ही युनिकोड मजकूर पाठवण्याची पद्धत सांगावी लागते. तो पासवर्ड मॅक्रोतच लिहून ठेवण्याची चाल सर्रास आहे आणि ती धोक्याची आहे. व्हीबीएचे कुलूप सहज तुटते. जीमेलची रोज मेल पाठवण्याची मर्यादा साध्या खात्याला ५०० आणि संस्थांसाठीच्या वर्कस्पेस खात्याला २,००० आहे.

पथ्ये

तपासणी चालू असेपर्यंत ‘सेंड’ऐवजी ‘डिस्प्ले’ वापरावे. मेल पडद्यावर उघडतो, जात नाही. सर्व पत्ते काही दिवस स्वतःच्याच पत्त्याने भरून पाहावेत. एका पार्टीला दुसऱ्या पार्टीची थकबाकी गेली तर ती परत घेता येत नाही. सभासदांच्या यादीला एकच मेल जाणार असेल तर पत्ते बीसीसीत टाकावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

शीटमध्ये ‘पाठवला’ असा स्तंभ ठेवून प्रत्येक मेलनंतर लगेच तारीख-वेळ लिहावी आणि फाइल जतन करावी. चाळिसाव्या ओळीवर काम तुटले तर पुढच्या वेळी एकेचाळीसपासून सुरू होते. नाहीतर पहिल्या चाळीस जणांना तेच पत्र दोनदा जाते.

पाठवण्यासारखे काहीच नसेल त्या दिवशीही ‘आज डिस्पॅच नाही’ असा एका ओळीचा मेल गेलाच पाहिजे. रोज ७ वाजता काहीतरी येते याची सवय वाचणाऱ्याला लागली, तर न आलेला मेल त्याच दिवशी खटकतो. टास्क शेड्यूलरच्या नोंदी उघडून पाहण्यापेक्षा ही खूण लवकर कळते.

पुढची दिशा

गूगल शीट्समध्ये हेच काम ॲप्स स्क्रिप्ट या तिथल्या मॅक्रोच्या सोयीने होते आणि ते गूगलच्या सर्व्हरवर चालत असल्याने संगणक बंद असला तरी चालते. साध्या खात्याला त्यातून दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतो. विंडोजवरचे ‘नवे आउटलुक’ बाहेरच्या मॅक्रोची हाक ऐकतच नाही. जुने आउटलुक किमान २०२९ पर्यंत आधारासह मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. मधली स्क्रिप्ट ज्या व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते, ती भाषा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्तीच्या यादीत गेली आणि विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढली जाणार आहे. ती पाचसहा ओळींची स्क्रिप्ट पॉवरशेल या विंडोजमधल्याच दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहावी लागते आणि टास्कमधली प्रोग्रामची ओळ बदलावी लागते. फाइलमधल्या मॅक्रोला त्यासाठी हात लावावा लागत नाही.