कॅशबॅक की रिवॉर्ड पॉइंट? क्रेडिट कार्ड घेण्याआधीचा हिशोब
‘दर दीडशे रुपयांवर चार पॉइंट’ असं कार्ड विकणारा सांगतो, तेव्हा ऐकणारा मनात चार रुपये धरतो. घोळ तिथूनच सुरू होतो. कॅशबॅक म्हणजे रुपये, ते बिलातून वजा होतात. पॉइंटचा भाव मात्र बँक ठरवते, आणि तो तुम्ही पॉइंट कुठे वापरता त्यानुसार बदलतो. विमानाच्या तिकिटाला एका पॉइंटचे ५० पैसे आणि तोच पॉइंट बिलात वळता केला तर २० पैसे, अशी रचना आपल्याकडे नवी नाही. म्हणजे ‘दीडशेला चार’ हा दर तिकिटासाठी १.३३ टक्के पडतो, बिलासाठी जेमतेम ०.५३ टक्के.

महिन्याचा खर्च २०,००० रुपये धरू: ८,००० ऑनलाइन, ८,००० दुकानांत, ४,००० पेट्रोल आणि मोबाइल वॉलेटमध्ये भरलेले पैसे. या शेवटच्या ४,०००वर बहुतेक कार्डं काहीच देत नाहीत. (पेट्रोलवरची सरचार्ज माफी ही कमाई नव्हे, तो फक्त न लागलेला आकार.) एक कॅशबॅकचं कार्ड आणि एक पॉइंटचं, दोन्हींची वार्षिक फी सारखीच धरू, ९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ रुपये.

ऑनलाइन ५ टक्के आणि इतरत्र १ टक्का देणारं कॅशबॅक कार्ड महिन्याला ४०० अधिक ८० देतं. वर्षाचे ५,७६०, फी वजा जाता ४,५८१.

‘दीडशेला चार’ देणाऱ्या पॉइंटच्या कार्डावर महिन्याला १६,००० रुपयांच्या हिशोबाने वर्षात ५,१२० पॉइंट जमतात. तिकिटाला वापरले तर २,५६० रुपये, फी जाऊन १,३८१. बिलात वळते केले तर १,०२४. त्यातून रिडेम्प्शनचा, म्हणजे पॉइंट वळते करण्याचा, आकार जातो, जो बऱ्याच बँकांत ९९ अधिक जीएसटी आहे. फी धरली की खिशातून २७२ रुपये गेले! शिवाय हा आकडा उदार आहे, कारण पॉइंट पूर्ण दीडशेच्या टप्प्यावरच मिळतात. २९० रुपयांच्या किराण्याला एकाच टप्प्याचे, १४० च्या बिलाला शून्य.

कॅशबॅकमध्येही खाचखळगे आहेत. ५ टक्क्यांना दरमहा कमाल मर्यादा असते, त्यामुळे मोठा फ्रिज किंवा लॅपटॉप घेताना ती आधी पाहावी. वस्तू परत केली की मिळालेला कॅशबॅकही परत जातो. दुकानदार कार्डासाठी २ टक्के जास्त मागत असेल, तर १ टक्क्यासाठी कार्ड काढण्यात अर्थ नाही. आणि बऱ्याच बँका बिलात जमा झालेला कॅशबॅक ‘किमान देय रकमे’चा भरणा मानत नाहीत. ती रक्कम वेगळी भरली नाही तर लेट फी लागते.

पॉइंट कुणाला परवडतात? वर्षातून अनेकदा विमानाने जाणाऱ्याला, आणि तेही तिकिटाचा दर तपासून. बँकेच्या पोर्टलवर तेच विमान ३०० रुपयांनी महाग असेल तर ६०० पॉइंट तिथेच गेले. विमान कंपनीच्या माइल्समध्ये (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये) चांगल्या प्रमाणात पॉइंट वळवता येत असतील, तर गणित खरोखर बदलतं. तो पर्याय आहे का, हे अर्ज करण्याआधी पाहावं.

बिल थकवणाऱ्याने मात्र दोन्ही विसरावं. दरमहा ३.५ टक्क्यांनी २०,००० वर ७०० रुपये व्याज, त्यावर १२६ जीएसटी. महिन्याचा कॅशबॅक ४८०, दंड ८२६. थकबाकी असताना नव्या खरेदीवरही व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

जुनं कार्ड बंद करायचं ठरलं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका. खातं बंद झालं की ते सहसा बाद होतात, आणि पुढच्या बिलात यायचा कॅशबॅकही अडकू शकतो.