प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही

मोठ्या पडद्यावरचे चित्र फिकट, धुरकट वाटू लागले की बहुतेक जण आधी पिक्सेल मोजायला घेतात आणि फुल एचडीऐवजी त्याच्या चौपट पिक्सेलांचा फोर-के प्रोजेक्टर घेण्याचा विचार करू लागतात. दोष मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. प्रोजेक्टर पडद्यावर केवळ प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याची अशी जागा, जिथे प्रोजेक्टरने आपला प्रकाश जवळजवळ पूर्णपणे अडवलेला असतो. ती जागा प्रत्यक्षात किती काळी दिसेल, हे यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, खोलीवर अवलंबून असते.

हे आकड्यांत मांडले की लगेच पटते. 100 इंच कर्णाचा, 16:9 प्रमाणाचा पडदा सुमारे 221 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन चौरस मीटर भरते. डिजिटल सिनेमागृहात पूर्ण पांढऱ्या चित्रासाठी 48 निट, म्हणजे दर चौरस मीटरला 48 कँडेला, इतकी तेजस्विता प्रमाण मानतात. साध्या पांढऱ्या मॅट पडद्यावर ती मिळवायला सुमारे 150 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर 150 ल्युमेन, प्रकाश पुरतो, आणि एवढ्या पडद्यासाठी प्रोजेक्टरच्या एकूण प्रकाशाचा हिशेब होतो फक्त 415 ल्युमेन. आता याच पडद्यावर दाराच्या फटीतून किंवा एखाद्या मंद दिव्यातून 5 लक्स भटका प्रकाश पडत आहे असे धरा. हा प्रकाश तसा किरकोळच, पण त्यामुळे काळा भाग 1.6 निटपर्यंत उजळतो आणि पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण अवघे 31:1 उरते. खोक्यावर हजारोंचा कॉन्ट्रास्ट छापलेला असो, प्रेक्षकाच्या वाट्याला 31च येतो. हाच भटका प्रकाश अर्ध्या लक्सवर आणला, तर प्रमाण 300:1च्या घरात जाते. खिडक्यांचे पडदे नीट ओढणे आणि दिवे बंद करणे एवढ्यानेच जी सुधारणा होते, ती नवे यंत्र घेऊन होत नाही.

दिवे बंद केल्यावरही एक चोर उरतोच, आणि तो म्हणजे चित्राचा स्वतःचा प्रकाश. उजळ दृश्यात पडद्यावरून निघालेला प्रकाश पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो व त्याच दृश्यातल्या गडद भागांवर पसरतो. म्हणून पडद्याजवळचे छत आणि बाजूच्या भिंती गडद, न चकाकणाऱ्या रंगाच्या किंवा कापडाच्या असाव्यात. राखाडी पडद्याचा उपयोगही इथे नीट समजून घ्यायला हवा. बाहेरून येणारा प्रकाश आणि प्रोजेक्टरचा प्रकाश हे दोन्ही तो सारख्याच प्रमाणात मंद करतो, त्यामुळे त्या दोहोंचे प्रमाण काही बदलत नाही. मात्र खोलीत परत फेकला जाणारा प्रकाश घटतो, तेवढा फायदा खरा. भटका प्रकाश कोणत्या दिशेने येतो हे पाहून तो बाजूला वळवणारे खास पडदेही मिळतात, आणि ज्यांना पूर्ण अंधार करणे शक्यच नाही त्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

खोली झाली की पातळ्या तपासाव्यात. आठ बिटांच्या व्हिडिओत काळ्याचा आकडा 0 नसून 16 असतो आणि पांढऱ्याचा 255 नसून 235. प्लेयर 16 ते 235 पाठवत असेल आणि प्रोजेक्टर 0 ते 255 गृहीत धरत असेल, तर प्रत्येक काळा भाग राखाडी दिसतो. उलट घडले तर सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडून जातो. हे तपासायला चाचणीचे एक साधे चित्र पुरते, ज्यात 16च्या काळ्या पार्श्वभूमीवर 17, 18, 20 अशा जेमतेम उजळ उभ्या पट्ट्या असतात. ब्राइटनेसची सेटिंग नावाप्रमाणे उजेड वाढवत नाही, ती काळ्याची पातळी वरखाली करते. म्हणून पार्श्वभूमी पूर्ण काळी राहून 18ची पट्टी अंधारात जेमतेम दिसेल, इथे ती थांबवावी. त्यानंतर पांढऱ्या टोकाकडच्या पट्ट्या एकमेकींत मिसळणार नाहीत, अशा बेताने कॉन्ट्रास्ट ठरवावा.

आता पिक्सेलकडे येऊ. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील वेगळा ओळखता येतो. वर सांगितलेल्या 100 इंची पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल सुमारे 1.15 मिलिमीटरचा पडतो आणि तो चार मीटरवरून ओळखण्याच्या सीमेवर असतो. तेवढ्या अंतरावर बसणाऱ्याला फोर-केच्या जादा पिक्सेलांचा लाभ फारसा होत नाही. मात्र संकुचनाचे, म्हणजे व्हिडिओ कमी जागेत बसवण्यासाठी दाबल्याने येणारे, दोष पिक्सेलहून कितीतरी मोठे असतात. डीव्हीडीवरचा व्हिडिओ 8 गुणिले 8 पिक्सेलांच्या ठोकळ्यांत संकुचित केलेला असतो; पाल या भारतातल्या जुन्या टीव्ही मानकाच्या डीव्हीडीचा असा एक ठोकळा 100 इंची पडद्यावर जवळजवळ अडीच सेंटिमीटर रुंद आणि पावणेदोन सेंटिमीटर उंच होतो, आणि 32 इंची टीव्हीवर तोच साधारण आठ आणि साडेपाच मिलिमीटरचा असतो. छोट्या पडद्यावर खपून गेलेले दोष मोठ्या पडद्यावर का उघडे पडतात, ते इथे दिसते.

म्हणून प्रक्रियांचा क्रम महत्त्वाचा आहे. इंटरलेस्ड चित्रात विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, त्यामुळे धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हे दात काढणे आणि ठोकळ्यांच्या कडा मऊ करणे, ही दोन्ही कामे चित्र मोठे करण्याआधीच झाली पाहिजेत, कारण एकदा स्केलिंग झाले की दोष शेजारच्या ओळींत मिसळतात आणि मग वेगळे काढता येत नाहीत. शार्पनेस सर्वांत शेवटी आणि अगदी बेताने द्यावा. तो आधी दिला तर ठोकळ्यांच्याच कडा धारदार होतात, आणि जास्त दिला तर प्रत्येक आकृतीभोवती पांढरी कड उमटते. प्लेयर, ॲम्प्लिफायर आणि प्रोजेक्टर या तिघांनी एकाच चित्रावर हात फिरवणे हे तर सर्वांत वाईट. यांपैकी ज्याची प्रक्रिया उत्तम असेल त्याच्याकडेच ते काम सोपवावे आणि बाकीच्यांची बंद करावी. डिजिटल कीस्टोन, म्हणजे तिरप्या ठेवलेल्या यंत्राचे वाकडे चित्र चौकोनी करणारी सोय, तीही शक्यतो वापरू नये, कारण त्यात पिक्सेल नव्याने बसवताना तपशील हरवतो. यंत्र सरळ टांगावे किंवा यंत्र न हलवता भिंगच सरकवून चित्र हलवणारा लेन्स शिफ्ट वापरावा.

चित्रपट बहुधा सेकंदाला 24 फ्रेमचे असतात. 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, दाखवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, आणि त्यामुळे कॅमेरा सावकाश फिरत असताना चित्र अडखळते. प्लेयर 24 हर्ट्झवर ठेवला आणि प्रोजेक्टरला ते चालत असेल, तर हा दोष नाहीसा होतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न एचडीआरचा, म्हणजे गडद ते लखलखीत अशी मोठी श्रेणी टिपणाऱ्या व्हिडिओचा, आहे. आकडे आणि तेजस्विता यांचे नाते ठरवणारे त्याचे पीक्यू मानक 10,000 निटपर्यंत जाते आणि चित्रपट बहुधा 1,000 किंवा 4,000 निटच्या पडद्यांवर पाहून तयार केलेले असतात, तर घरगुती प्रोजेक्टर मोठ्या पडद्यावर बहुधा 100 निटच्या आसपास किंवा त्याखालीच राहतो. एवढी मोठी श्रेणी एवढ्या छोट्या श्रेणीत बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि चित्राचे भवितव्य तिथेच ठरते. मूळ तेजस्विता पडद्यावर किती दिसावी हे ठरवणारा एकच वक्र संपूर्ण चित्रपटासाठी वापरला तर एखाद्या लखलखीत दृश्यासाठी बाकी सगळी दृश्ये काळवंडतात. दृश्यागणिक वक्र बदलणारी पद्धत प्रोजेक्टरसाठी बरीच चांगली ठरते. ती सोय यंत्रात नसेल, तर त्याच चित्रपटाची साधी, एचडीआर नसलेली आवृत्ती मोठ्या पडद्यावर अनेकदा अधिक भरीव दिसते आणि ती निःसंकोच निवडावी.