यीस्टने ताटात टाकलेली साखर

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाच्याने परवा एका डब्याचा फोटो पाठवला. घरी स्टाउट, म्हणजे काळी बिअर करायचा संच. त्या संचातून भाच्याला इम्पीरियल स्टाउट, म्हणजे स्टाउटचा जास्त कडक आणि दाट प्रकार, करायची होती. खाली प्रश्न: "मामा, चव दाट हवीय. एक किलोऐवजी दोन किलो साखर घालू का?" (तिथे १९६३पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी पुढचा मजकूर रसायनशास्त्र म्हणूनच वाचावा.)

काळी बिअर म्हणजे कडक आणि कडक म्हणजे दाट, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात काळ्याकुट्ट ड्राफ्ट गिनेस या आयरिश स्टाउटमध्ये अल्कोहोल जेमतेम सव्वाचार टक्के असतं, आणि आपल्याकडच्या पिवळ्याधमक 'स्ट्राँग' बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत. रंग येतो धान्य भाजण्यातून, अल्कोहोल येतं साखर आंबण्यातून, आणि दाटपणा बऱ्याच अंशी येतो यीस्टला खाता न आलेल्या साखरेतून.

ही न खाल्लेली साखर कुठून येते? बार्लीला मोड आले की दाण्यातली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची, मध्येमध्ये फांद्या फुटलेली माळ. बीटा अमायलेज हे विकर माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडतं, ते माल्टोज. अल्फा अमायलेज मध्येच कुठेही कात्री चालवतं. पण फांदी फुटते त्या सांध्याशी दोघंही अडतात आणि चार, सहा, दहा मण्यांचे तुकडे उरतात. हे डेक्स्ट्रिन. यीस्टच्या पेशीला ग्लुकोज, माल्टोज आणि तीन मण्यांचं माल्टोट्रायोज आत घ्यायची दारं आहेत. तीन मण्यांच्या पुढे दार नाही. म्हणून डेक्स्ट्रिन बिअरमध्ये तसंच राहतं. ते फारसं गोड लागत नाही, पण घोट जिभेवर जड लागतो. बीटा अमायलेज ६२ ते ६५ अंशांना खुशीत असतं आणि सत्तरीजवळ लवकर निकामी होतं, म्हणून दाट बिअर हवी असणारे माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) जरा जास्त गरम पाण्यात भिजवतात.

भाच्याची किराणा दुकानातली साखर मात्र यीस्ट संपूर्ण फस्त करतं. मागे उरतं फक्त अल्कोहोल, आणि ते पाण्यापेक्षा हलकं. दोन किलो साखरेने बिअर कडक झाली असती आणि पातळही.

आता हिशेब. अशा संचात साधारण १.७ किलो माल्टचा अर्क असतो. एक किलो साखर घालून २३ लिटर केलं की हायड्रोमीटर (रस पाण्याच्या किती पट जड आहे ते सांगणारी तरंगती नळी) १.०३९ च्या आसपास दाखवतो. साखर वगळून दोन डबे साडेअकरा लिटरमध्ये घातले तर १.०८९. मात्र दुसरा डबा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नसलेल्या अर्काचा हवा. पाणी निम्मं केल्यावर एकाच डब्याचा कडवटपणा दुप्पट होतो, दोन्ही डबे हॉप्सवाले घेतले तर चौपट, मग पिणाराच पळून जाईल.

वर तीनशे ग्रॅम क्रिस्टल माल्ट. हा प्रकार मला फार आवडतो. मोड आलेलं ओलं धान्य न वाळवता बंद पिंपात ६५ अंशांच्या आसपास ठेवतात. सालीच्या आतच स्टार्चची साखर होते. मग तापमान वाढवलं की ती साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात. लाडवाचं बेसन खमंग होतं ते याच क्रियेमुळे. लुई-कामीय मायार यांनी १९१२मध्ये तिचं वर्णन केलं. आतलं विकरांचं काम आधीच उरकलेलं असल्याने घरी हे माल्ट भरडून, कापडात बांधून ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी पुरतं. उकळू मात्र नये, सालीतलं टॅनिन उतरून तोंड तुरट होतं.

काळा रंग ही त्याच क्रियेची पुढची पायरी. १८१७मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात दोनशे अंशांच्या वर माल्ट भाजायचं पेटंट घेतलं, आणि मूठभर काळ्या माल्टवर अख्खं पिंप रंगवता येऊ लागलं. या रंगाला लोह समजून 'स्टाउट तब्येतीला चांगली' म्हणणारे अजून भेटतात. तो रंग याच क्रियेत तयार होणाऱ्या मेलॅनॉइडिन या रंगद्रव्याचा; लोह नगण्य. दुसरी दंतकथा अशी की रशियाच्या दरबारात जाणारी लंडनची स्टाउट वाटेत गोठू नये म्हणून कडक केली. दहा टक्के अल्कोहोलचं पाणी उणे चार-पाच अंशांना गोठू लागतं. पीटर्सबर्गच्या थंडीपुढे त्याचा काय पाड! अल्कोहोल आणि हॉप्सचा खरा उपयोग बिअर नासू न देण्याचा.

इतक्या गोड रसात यीस्टचे हाल होतात. अल्कोहोल त्याचं पेशीपटल सैल करतं, ते घट्ट राखायला लागणारं एर्गोस्टेरॉल बनवण्यासाठी ऑक्सिजन हवा. म्हणून थंड केलेला रस यीस्ट घालण्यापूर्वी जोरात घुसळायचा, एकाऐवजी दोन पाकिटं टाकायची आणि तापमान १८ ते २० अंश ठेवायचं. कोको किंवा व्हॅनिला घालायचं तर आंबणं संपल्यावर. आधी घातलं तर निम्मा वास कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जातो.

हायड्रोमीटर १.०२८च्या आसपास थांबला की अर्धवट राहिलं म्हणून घाबरू नये. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला की अर्ध्या लिटरच्या बाटलीला सपाट अर्धा चमचा साखर. आकडा उतरत असतानाच बुच लावलं तर बाटली फुटते. दमलेल्या यीस्टला फेस धरायला महिना-दीड महिना लागू शकतो, तोवर बाटल्या गार तळघरात न ठेवता घरातच ठेवायच्या.