प्युपिल प्रीमियम

प्युपिल प्रीमियम हे इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांना मिळणारे जादा अनुदान आहे. गरीब घरांतली आणि आईवडिलांपासून दूर, स्थानिक परिषदेच्या पालकत्वाखाली वाढणारी मुले पटावर जितकी असतील, त्या हिशोबाने ठरावीक रक्कम दरवर्षी दिली जाते. ही मुले अभ्यासात इतरांच्या बरोबरीला यावीत हा तिचा उद्देश. एप्रिल २०११ मध्ये योजना सुरू झाली. पैसा मुलामागे मोजला जातो, पण त्या मुलाच्या नावावर तो जमा होत नाही. शाळेच्या दारातून आत आला की कशावर खर्च करायचा हे मुख्याध्यापक आणि शाळेचे नियामक मंडळ ठरवतात, आणि गरज दिसली तर पात्र नसलेल्या मुलांवरही तो खर्च करता येतो. योजनेबद्दलचे बहुतेक वाद या मोकळीकीतूनच निघाले आहेत.

ब्रिटनमध्ये शिक्षणाचा कारभार प्रत्येक घटक देशाकडे वेगळा असल्यामुळे ही योजना फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्समध्ये २०१२ पासून अशाच धर्तीचे अनुदान आहे. स्कॉटलंडमध्ये २०१७ पासून ‘प्युपिल इक्विटी फंड’ थेट मुख्याध्यापकांच्या हाती पैसा देतो.

पार्श्वभूमी

गरिबांच्या शाळेला जास्त पैसा द्यावा हा विचार जुनाच. अमेरिकेत १९६५ च्या शिक्षण कायद्यातील ‘टायटल वन’ची तरतूद यासाठीच होती. इंग्लंडमध्ये १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने मागास वस्त्यांमधल्या प्राथमिक शाळांना झुकते माप द्यावे असे सुचवले, आणि १९९९ मध्ये ब्लेअर सरकारने मोठ्या शहरांसाठी ‘एक्सलन्स इन सिटीज’ हा कार्यक्रम आणला. नेदरलँड्सने १९८५ मध्ये निराळी वाट धरली. तिथे कमी शिकलेल्या स्थलांतरित पालकांचे एक मूल अनुदानाच्या हिशोबात १.९ मुलांइतके धरले जाई. वस्तीवार मदतीत एक उघड खोट आहे: बऱ्या वस्तीतल्या शाळेत शिकणारे गरीब मूल हिशोबात येतच नाही. म्हणून वस्ती मोजण्याऐवजी मूल मोजावे, असा आग्रह इंग्लंडमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात वाढला. २०१० च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाने तो जाहीरनाम्यात ठळकपणे मांडला. काँझर्व्हेटिव्ह पक्षाबरोबर त्यांचे आघाडी सरकार आल्यावर उपपंतप्रधान निक क्लेग यांनी ही योजना आपल्या पक्षाची कमाई म्हणून मिरवली. अंमलबजावणी मात्र काँझर्व्हेटिव्ह शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांच्या खात्याने केली.

पहिल्या वर्षी एका मुलामागे ४८८ पौंड मिळाले. २०१४-१५ पर्यंत प्राथमिक शाळांचा दर १,३०० पौंडांवर गेला, माध्यमिकचा ९३५ वर. लहान वयात केलेली मदत जास्त लागू पडते, या विचाराने प्राथमिकचा दर मुद्दाम वर ठेवला आहे. योजनेवरचा एकूण खर्च याच काळात ६२.५ कोटी पौंडांवरून सुमारे अडीच अब्ज पौंडांवर पोचला. त्यानंतर पाच वर्षे हे दर जवळजवळ गोठले. २०२५-२६ मध्ये ते १,५१५ आणि १,०७५ पौंड झाले, पण मधल्या दशकातली भाववाढ वजा केली तर आजच्या रकमेत २०१४-१५ इतके काही येत नाही.

कोण पात्र

मुख्य निकष शाळेतल्या मोफत जेवणाचा. मागच्या सहा वर्षांत एकदा जरी मूल मोफत जेवणासाठी पात्र नोंदले गेले असेल तर त्याच्यामागे प्रीमियम मिळतो. सहा वर्षांचा हा नियम २०१२ मध्ये आला. वडिलांना काम लागले म्हणून गरिबीच्या खुणा एका रात्रीत पुसल्या जात नाहीत, हे त्यात गृहीत आहे. मोफत जेवणासाठी ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा सरकारी भत्ता घेणाऱ्या घराची कमाई कर वजा जाता वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत असावी लागते. ही मर्यादा एप्रिल २०१८ मध्ये ठरली आणि नंतरच्या महागाईतही हलली नाही. परिणामी बरीच ओढग्रस्तीची घरे थोडक्यासाठी रेषेच्या बाहेर राहिली.

परिषदेच्या पालकत्वाखालील मुलांमागे २०२५-२६ च्या दराने २,६३० पौंड मिळतात, मात्र ते शाळेच्या खात्यात सरळ येत नाहीत. प्रत्येक परिषदेत अशा सगळ्या मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणारा एक ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’ असतो. नावाप्रमाणेच त्याची शाळा फक्त कागदावर असते. मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना पाहून तो पैसे सोडतो. दत्तक गेलेल्या किंवा कायद्याने दुसऱ्या पालकांकडे सोपवलेल्या मुलांमागे दर तेवढाच आहे, पण ती रक्कम शाळेलाच मिळते. सैनिकांच्या मुलांसाठीही त्याच वर्षीच्या दराने ३५० पौंड आहेत. त्यांचा गरिबीशी संबंध नाही. सतत बदलणारी शाळा आणि मोहिमेवर गेलेले आईवडील यांमुळे मुलांच्या मनावर जो ताण येतो, त्यासाठी ते आहेत.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सगळे एका अर्जावर येऊन अडते, कारण मूल गरीब असून भागत नाही, पालकांनी मोफत जेवणासाठी अर्ज करावा लागतो. सप्टेंबर २०१४ पासून पहिल्या तीन इयत्तांतील सर्वच मुलांना फुकट जेवण मिळू लागले आणि या अर्जाचे निमित्तच गेले. जेवण तसेही मिळते, मग राष्ट्रीय विमा क्रमांक आणि कमाईचा तपशील द्यायचा कशाला, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. शाळेला मात्र त्या एका सहीची किंमत ठाऊक असते: २०२५-२६ च्या दराने, सहा वर्षांच्या नियमामुळे, एका मुलाची एकदा झालेली नोंद प्राथमिक शाळेला नऊ हजार पौंडांहून जास्त देऊन जाते. म्हणून प्रवेशाच्या कागदांत हा अर्ज वरच ठेवला जातो, ऑफिसातल्या बाई दारात पालकांना गाठतात, आणि काही शाळा अर्ज भरणाऱ्याला गणवेशाचा स्वेटर किंवा दप्तर देतात. शेफील्डसारख्या काही परिषदांनी आपल्याकडच्या नोंदींवरून पात्र मुले स्वतःच नोंदवायला सुरुवात केली. त्यात लाज वाटून मागे राहणारे पालकही आपोआप येतात, आणि हाच मार्ग देशभर न्यावा अशी मागणी जोर धरून आहे.

पैसा जातो कुठे

तीनशे मुलांच्या प्राथमिक शाळेत शंभर मुले पात्र असतील तर वर्षाला दीड लाख पौंड येतात. ऐकायला मोठी रक्कम. पगार, पेन्शन आणि विमा धरला तर त्यात दोन अनुभवी शिक्षक आणि एखादा मदतनीस बसतो. शाळेचा कोणताही खर्च शेवटी माणसांवरच होतो, आणि प्रीमियमही त्याला अपवाद नाही.

सुरुवातीच्या वर्षांत हा पैसा बहुतेक ठिकाणी वर्गातल्या मदतनिसांवर गेला, थोडा सहली, गणवेश आणि शाळेनंतरच्या वर्गांवर. शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ने सप्टेंबर २०१२ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा या निधीमुळे कामाची पद्धत लक्षणीय बदलली असे दहांतल्या एकाच शाळाप्रमुखाने सांगितले. बाकीच्यांकडे जुन्याच कामांवर नवी पाटी लागली होती. मदतनिसांचा भरवसाही डळमळीत निघाला. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये पीटर ब्लॅचफोर्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास २००९ मध्येच बाहेर आला होता. ज्या मुलांना मदतनिसांचा सहवास सर्वांत जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी, असे त्यात दिसले. दोष मदतनिसांचा नव्हता. सर्वांत कच्चे मूल वर्गाच्या कोपऱ्यात सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसापाशी बसायचे, आणि शिक्षक त्याच्या वाट्याला येतच नसे.

२०११ मध्येच सरकारने १२.५ कोटी पौंडांचे अनुदान देऊन ‘एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन’ उभे केले. सटन ट्रस्ट ही संस्था त्यामागे होती. कोणता उपाय किती खर्चात मुलाला किती महिन्यांनी पुढे नेतो, याची या फाउंडेशनने डरॅम विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने तयार केलेली सूची आज मुख्याध्यापकांच्या टेबलावर असते. मुलाला स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवायला शिकवणे आणि कामावर नेमका अभिप्राय देणे हे उपाय तिच्यात स्वस्त आणि परिणामकारक ठरतात. एकट्याची किंवा छोट्या गटाची शिकवणी उपयोगी पण महाग, आणि मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवणे महागही व हानिकारकही. महिन्यांचे हे माप ढोबळ आहे. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या प्रयोगांची सरासरी एका आकड्यात कोंबली जाते, अशी टीका त्यावर झाली आहे आणि ती पटण्यासारखी आहे. तरी मुख्याध्यापकांच्या बोलण्यात पुरावा हा शब्द या सूचीमुळे आला, हे नाकारता येत नाही.

आता शाळांकडून तीन थरांच्या मांडणीची अपेक्षा असते. पहिला थर सर्व वर्गांतल्या अध्यापनाचा, म्हणजे शिक्षकांचे प्रशिक्षण, नवख्या शिक्षकांना आधार, चांगले शिक्षक टिकवणे. दुसरा निवडक मुलांच्या जादा शिकवणीचा. तिसऱ्यात हजेरी, वर्तन, मानसिक आधार आणि घराशी संपर्क येतो. पहिल्या थरावर सर्वाधिक जोर असतो, आणि याच ठिकाणी बाहेरचा माणूस गोंधळतो: गरिबांचा पैसा सगळ्यांच्या शिक्षकावर का? यामागचा तर्क असा की श्रीमंत घरचे मूल सुमार शिकवण्यातूनही घरच्या जोरावर निभावून नेते, गरीब मुलाला वर्गातला शिक्षक सोडून दुसरा आधार नसतो. तर्क पक्का आहे. पण त्याच तर्काच्या आडून शाळा नेहमीच्या पगाराचे बिल प्रीमियमवर टाकू शकते, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या थराचे नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘नफील्ड अर्ली लँग्वेज इंटरव्हेन्शन’ हा भाषेचा कार्यक्रम. चार-पाच वर्षांची जी मुले बोलण्यात मागे असतात, त्यांना प्रशिक्षण घेतलेली मदतनीस वीस आठवडे घेऊन बसते. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास छोट्या गटात, आणि दोनदा पंधरा मिनिटे एकट्याने. नवे शब्द, ऐकून सांगणे, गोष्ट क्रमाने सांगणे एवढेच काम, पण धड्यांचा क्रम बांधीव. मदतनीस तीच असली तरी आता काय करायचे हे तिला कोणीतरी शिकवलेले असते. ब्लॅचफोर्ड यांच्या अभ्यासात नेमके तेच नव्हते.

तिसऱ्या थरात शाळेगणिक वेगळे दिसते. कुठे सकाळी नाश्ता, कुठे सलग गैरहजर मुलाच्या घरी जाणारी कुटुंब-संपर्क अधिकारी, कुठे वाचा-उपचारतज्ज्ञ, कुठे व्हायोलिनच्या शिकवणीची फी. काही शाळांनी कपडे धुण्याचे यंत्रही घेतले आहे, कारण मळका गणवेश हे गैरहजेरीचे एक कारण असते.

वर्गात पात्र मुलांची नोंद बहुधा ‘पीपी’ या दोन अक्षरांनी होते. बैठक-आराखड्यात नावापुढे खूण, तपासताना त्यांच्या वह्या आधी, प्रश्न विचारताना त्यांना आधी, अशा पद्धती बऱ्याच शाळांनी लावल्या. हेतू चांगला होता. पण त्या खुणेतून मुलाला वाचनात अडचण आहे की गणितात, की कशातच नाही, हे काहीच कळत नाही, आणि पात्र मुलांत वर्गातली पहिली येणारी मुलेही असतात. आता सल्ला खूण सोडून गरज पाहण्याचा आहे, तरी तपासणीला कोणी येणार म्हटले की खुणा पुन्हा निघतात.

हिशोब म्हणून शाळेला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत आपला प्रीमियम-आराखडा संकेतस्थळावर टाकावा लागतो. तीन वर्षांची योजना, वर्षाचा खर्च आणि मागील वर्षी काय साधले, हे २०२१ पासून शिक्षण खात्याच्या ठरलेल्या नमुन्यातच लिहायचे असते. असे चार आराखडे शेजारी ठेवून वाचले तर वाक्येच्या वाक्ये सारखी सापडतात. त्या कागदापेक्षा शाळेचे वेळापत्रक अधिक खरे बोलते.

अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत प्रीमियमची वेगळी ओळख टिकवणे शाळांना जड जाते. सटन ट्रस्टच्या २०२२ च्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश शाळाप्रमुखांनी हा पैसा इतरत्रची तूट भरायला वापरत असल्याचे मान्य केले.

परिणाम

वंचित आणि इतर मुलांच्या निकालातले अंतर २०११ नंतर काही वर्षे हळूहळू कमी झाले. दशकाच्या अखेरीस ही घट मंदावली आणि मग साथ आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्या घरात स्वतंत्र खोली, लॅपटॉप आणि शिकवू शकणारे पालक होते तिथली मुले तगली, बाकीची मागे पडली, आणि दहा वर्षांत मिटलेले अंतर बहुतांशी परत आले. भरपाईसाठी सरकारने ‘नॅशनल ट्यूटरिंग प्रोग्राम’ आणि तात्पुरता ‘रिकव्हरी प्रीमियम’ काढला. दोन्ही २०२४ मध्ये संपले. शिक्षणाच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेले केव्हन कॉलिन्स यांनी अपुरा निधी दिल्याचे सांगत जून २०२१ मध्येच पद सोडले होते.

प्रीमियम नसता तर काय झाले असते, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. इंग्लंडभर तो एकाच वेळी लागू झाल्याने तुलनेला गटच उरला नाही. शिवाय प्रीमियम वाढत होता तेव्हा शाळांच्या आसपासच्या सेवा, म्हणजे युवक केंद्रे आणि बालसेवा, परिषदांच्या कपातीत आटत होत्या. मोजमापातही गडबड आहे. सहा वर्षांत एकदा पात्र ठरलेले आणि अख्खे बालपण गरिबीत काढलेले मूल इथे एकाच रकान्यात येते, निकालात मात्र दुसरे पहिल्यापेक्षा बरेच मागे असते. दीर्घकाळ गरीब राहिलेल्यांसाठी वेगळा, वरचा दर ठेवावा ही सूचना त्यामुळेच वारंवार पुढे येते.

योजनेच्या दोन्ही टोकांना कमतरता आहे. शाळापूर्व वयासाठी एप्रिल २०१५ मध्ये वेगळा प्रीमियम आला, पण तासाला ५३ पेन्स, म्हणजे वर्षाला फार तर ३०२ पौंड. २०२५-२६ मध्ये तो तासाला एक पौंड झाला. वरच्या टोकाला, सोळाव्या वर्षी मूल अकरावी पार करून पुढे गेले की प्रीमियम पूर्ण थांबतो.

जून २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला शाळेत मोफत जेवण मिळेल, मग कमाई कितीही असो. प्रीमियम मात्र ७,४०० पौंडांच्या जुन्या मर्यादेवरच मोजला जाईल. म्हणजे जेवणाचा अर्ज आणि प्रीमियमची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी होतील, आणि कोणते मूल कोणत्या यादीत आहे याचा मेळ शाळेच्या ऑफिसालाच घालावा लागेल.