इंजिन माउंटिंग : जुन्या मोटारीतील झीज, पारख व बदल

इंजिन माउंटिंग : मोटारीचे इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स ज्या आधारांवर सांगाड्याला बसवलेले असतात, ते भाग. गॅरेजात त्यांना नुसते ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात. धातूच्या दोन भागांमध्ये व्हल्कनायझिंगने (रबर तापवून पक्के करण्याच्या प्रक्रियेने) घट्ट चिकटवलेले रबर, एवढीच बहुतेकांची रचना असते. त्यांना इंजिनाचे वजन पेलावे लागते, त्याची थरथर सांगाड्यापर्यंत जाऊ द्यायची नसते आणि ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन एका बाजूला कलू पाहते तेव्हा त्याला आवरावेही लागते. थरथर गिळायला रबर मऊ हवे, इंजिन आवरायला कडक. त्यामुळे कोणतेही माउंटिंग ही तडजोडच असते.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात दोनदा ज्वलन होते. मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) सेकंदाला २५ ठोके बसतात. ही थरथर अडवण्यासाठी १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ ही रचना आणली. तिच्यात इंजिन पुढे उंचावर आणि मागे खालच्या बाजूला रबराच्या आधारांवर असे तोलले होते की ते स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती डोलत राही. पुढे सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने ही रचना परवान्यावर घेतली. आडव्या (गाडीच्या रुंदीच्या दिशेने) बसवलेल्या इंजिनाला आज सहसा तीन किंवा चार माउंटिंग असतात आणि त्यांतले एक बहुधा खालच्या बाजूचा टॉर्क रॉड (इंजिनाचे कलणे रोखणारा दांडा) असतो. उभ्या (गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या) इंजिनाला दोन बाजूंना दोन आणि गिअरबॉक्सखाली एक असते. काही माउंटिंगच्या पोटात ग्लायकॉलयुक्त द्रव भरलेला असतो.

रबराला उष्णता, वय आणि तेल हे तिन्ही मारक. यांपैकी तेलाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. वरच्या गॅस्केटमधून झिरपणारे इंजिन ऑइल माउंटिंगवर उतरत राहिले की रबर फुगते आणि पिठूळ होते. गळती न थांबवता नवे माउंटिंग बसवणे म्हणजे तेही वाया घालवणे. गाडी कमी फिरली म्हणून रबर तरुण राहत नाही, हेही जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानात घ्यावे.

बिघाडाचे दोन प्रकार असतात आणि त्यांची लक्षणे वेगळी. रबर कडक झाले किंवा दबून बसले तर ते तुटलेले दिसत नाही, पण थरथर अडवतही नाही : गाडी उभी असताना स्टिअरिंग, सीट आणि आरसा थरथरतात. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) ब्रेक दाबून थांबल्यावर हे वाढते आणि न्यूट्रलला कमी होते. रबर फाटले असेल तर धक्के बसतात : क्लच सोडताना, गिअर बदलताना, रिव्हर्स टाकताना खालून ‘धप्’ असा आवाज येतो. गिअरचा दांडा झटका खातो. दुर्लक्ष केल्यास ताण सायलेन्सरच्या लवचिक पाइपवर आणि रबरी होजवर जातो.

थरथर दिसली की प्लग, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) असे एकामागून एक भाग बदलले जातात आणि माउंटिंग शेवटी आठवते. क्रम उलटा हवा. आधी बॉनेट उघडून पाहावे, की इंजिन स्वतः वेडेवाकडे हलते आहे की ते एकसारखे चालत असून केबिन तेवढी थरथरते आहे. इंजिनच अनियमित ठोके देत असेल तर दोष ज्वलनात शोधावा. इंजिन एकसुरी आणि केबिन त्रस्त असेल, तर संशय माउंटिंगवर.

पुढची चाचणी दोघांनी करायची. हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून, पायाचा ब्रेक घट्ट दाबून चालकाने क्लच जरासा पकडीपर्यंत सोडावा. आधी पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये. पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही नाही. इंजिन थोडे कलणे स्वाभाविक आहे. एक बाजू उचलली जाऊन दणकन खाली येत असेल तर तिथले माउंटिंग गेले. मग इंजिन बंद करून जॅकने ते किंचित उचलावे : वजनाखाली मिटलेली चीर तेव्हाच उघडते. वरवरच्या बारीक भेगा म्हणजे निकामी झाल्याची खूण नव्हे. रबर धातूपासून सुटले आहे का, हे महत्त्वाचे. द्रवाच्या माउंटिंगखाली काळसर ओघळ दिसला तर ते बदलावेच.

फाटलेले माउंटिंग केवळ गैरसोयीचे नसते. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या, प्रामुख्याने शेव्हरोले, याच कारणासाठी परत बोलावल्या. माउंटिंग तुटून इंजिन उचलले गेले की थ्रॉटलची जोडणी ओढली जाई आणि गाडी आपोआप वेग घेई. उपाय म्हणून इंजिनाला आवरणारी केबल बसवण्यात आली.

बदलताना बॅटरी सोडवावी, गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर कधीही नाही. इंजिनाला खालून आधार देताना ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) आणि जॅक यांच्यात रुंद लाकडी फळी ठेवावी. पत्र्याचा चेंबर सहज चेपतो, आणि आत तेल ओढणारी नळी तळाशी अगदी जवळ असते. चेंबरवर भार देण्यास उत्पादकाने मनाई केली असेल तर इंजिन वरून आडव्या दांड्याला टांगावे. एका वेळी एकच माउंटिंग सोडायचे, म्हणजे इंजिन जागचे सरकत नाही. गंजलेल्या बोल्टला आधी भेदक तेल लावून वेळ द्यावा. पुष्कळ आडव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट (क्रँकवरून झडपा चालवणारा पट्टा) बदलण्यासाठी उजव्या-डाव्यापैकी एक माउंटिंग काढावेच लागते. तेव्हाच ते बदलणे शहाणपणाचे.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने धरवावेत. भोके जुळत नसतील तर जॅक हलवावा, बोल्टने इंजिन ओढू नये. मग जॅक उतरवून इंजिनाचे वजन माउंटिंगवर येऊ द्यावे, इंजिन हाताने थोडे डोलवावे, आणि त्यानंतरच मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या ठरावीक जोराप्रमाणे) आवळावे. इंजिन ओढलेल्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते. नवे माउंटिंग घालूनही थरथर गेली नाही, ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते. पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचे कडक माउंटिंग शर्यतीच्या गाडीला शोभते, रोजच्या जुन्या गाडीला नाही. शेवटी इंजिन ते सांगाडा ही अर्थची तार जागेवर आहे ना, होज ताणलेले नाहीत ना आणि सायलेन्सर कुठे टेकत नाही ना, हे पाहून इंजिन सुरू करावे.