‘वनस्पतीपासून बनलेलं’ म्हणजे ‘आपोआप कुजणारं’ नव्हे

मका किंवा उसापासून बनवलेलं प्लास्टिक कुठेही टाका, मातीत मिसळून जातं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. सरकारी निविदांमध्येही तो ‘जैव-प्लास्टिक असावे’ अशा एका ओळीत शिरतो आणि खरेदी हिरवी झाल्याचं समाधान मिळतं.

कच्चा माल कुठून आला आणि वस्तू कुजते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिथिन रासायनिकदृष्ट्या नेहमीच्या पॉलिथिनसारखंच असतं, कुजत नाही. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलातून येतं, तरी कुजतं.

मक्याच्या स्टार्चपासून होणारं पीएलए हे प्लास्टिक घ्या. ते वेगाने कुजायला सुमारे ५८ ते ६० अंश सेल्सिअस तापमान, ओल आणि सूक्ष्मजीव लागतात. एवढी ऊब औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातच टिकते. साध्या मातीत पुरलेला पीएलएचा पेला वर्षभरानेही जवळपास जसाच्या तसा निघू शकतो. युरोपचं ईएन १३४३२ हे मानकही अशा प्रकल्पापुरतंच बोलतं: १२ आठवड्यांत बारीक तुकडे, ६ महिन्यांत ९० टक्के जैवविघटन. लेबलावर हे बारीक अक्षरांत असतं, असलंच तर.

‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ पिशव्यांचा, म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेल्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा, तर नुसता भुगा होऊन पसरतो; युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात त्यांच्यावर बंदी घातली.

निविदेत मानकाचा क्रमांक आणि त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र मागावंच. पण त्याआधी, वापरलेला माल कोणत्या कंपोस्ट प्रकल्पात जाणार ते ठरवावं. तसा प्रकल्पच नसेल, तर धुऊन पुन्हा वापरता येणारी भांडी घेतलेली बरी.